रोज ९८.४

सलग तीन दिवस फोनवर एकच आकडा आला, तेव्हा मी स्कूटी काढली.

मी आरोग्यसेविका आहे. नागपूरच्या हद्दीबाहेर एका पोल्ट्रीत बर्ड फ्लू निघाला होता. कोंबड्या मारून पुरणाऱ्या मजुरांवर दहा दिवस लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे होतं. सकाळ-संध्याकाळ फोन करायचा: ताप किती, खोकला आहे का, डोळे लाल झालेत का, फ्लूवरच्या औषधाची, ऑसेल्टामिविरची ७५ मिलीग्रॅमची गोळी घेतली का. बाकीच्यांचे आकडे वरखाली व्हायचे. एका मजुराचं मात्र सकाळी ९८.४, संध्याकाळीही ९८.४.

हा माणूस माझ्या डोक्यात बसला होता, त्याला कारण होतं. कोंबड्या पुरल्या त्या दिवशी मार्चचं ऊन, अंगावर तो हवाबंद सूट, गॉगलवर वाफ. अर्ध्या तासात घामाने निथळत त्याने मास्क हनुवटीवर ओढला, ग्लोव्ह काढला आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकला. मी ओरडेपर्यंत झालंही होतं. सूट किती आले ते आपण मोजतो. त्यात माणूस किती वेळ टिकेल, सावली आणि पाणी कुठे, हे त्या दिवशी आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं.

तो घरी नव्हता. जवळच्या बांधकामावर विटा वाहत होता. मला पाहून त्याने घमेलं खाली ठेवलं. ताप निघाला १०१.६.

"काहून खोटं सांगितलं, भाऊ?"

"मॅडम, दहा दिवस घरी बसलो तं लेकरं काय खातीन जी?"

मजुरी मिळाली होती ती फक्त कोंबड्या पुरल्याच्या दिवसाची. पुढच्या दिवसांचं कुणी बोललंच नव्हतं. मीसुद्धा नाही. गोळ्यांची पट्टी घरी तशीच पडून होती. उपाशीपोटी घेतली की मळमळायचं, मग विटा उचलता येत नसत.

नाकातला-घशातला स्वॅब घेतला. नमुना बर्फाच्या डब्यातून पुण्याच्या एनआयव्हीकडे, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेला. रोजच्या एका गोळीच्या दोन केल्या, पोटात काही घालून घ्यायला सांगितलं. बायको, मुलं, म्हातारी आई आणि बांधकामावरचे सगळे यादीत आले.

रिपोर्ट आला: बर्ड फ्लू नाही, एच३एन२. म्हणजे दरवर्षीचा हंगामी फ्लू. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. पक्ष्याचा आणि माणसाचा विषाणू एकाच शरीरात एकाच वेळी भेटले, तर त्यांच्या जनुकांची अदलाबदल होऊ शकते. १९५७ आणि १९६८च्या जागतिक साथींचे विषाणू माणसाच्या आणि पक्ष्यांच्या फ्लूच्या अशाच सरमिसळीतून आले होते. हा एच३एन२ त्या १९६८च्याच विषाणूचा वंशज. म्हणून असं काम करणाऱ्यांना हंगामी फ्लूची लस हवी. ती बर्ड फ्लू रोखत नाही, पण ही भेट टाळायला मदत करते. त्याला ती मिळालेली नव्हती.

उरलेले दिवस तो घरी राहिला, कारण आम्ही केंद्रातल्या बायकांनी वर्गणी काढून किराणा भरला. मग फोनवर खरे आकडे यायला लागले: १००.२, ९९.१, ९८.८.

लसीचा असर यायला दोनेक आठवडे लागतात, कोंबड्या मरायला लागल्यावर टोचून काय उपयोग? यंदा मजुरांची नावं मी आधीच गोळा करते आहे. तयारीच्या यादीत सूट-मास्कच्याही वर लिहिलं आहे: दहा दिवसांची मजुरी, काम सुरू व्हायच्या आधी हातात.