दुसरं मांजर घरात आणताना

नवं मांजर आणून थेट जुन्यासमोर सोडू नका. "भांडतील आणि होतील शांत" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. पहिल्याच भेटीत मारामारी झाली, तर ती धास्ती महिनोन् महिने जात नाही.

नव्याचे जंत, पिसवा, लसी डॉक्टरांकडून बघून घ्या आणि त्याला एका बंद खोलीत ठेवा. तिथेच खाणं, पाणी, लिटर ट्रे (शी-शूसाठी वाळूचा ट्रे) आणि लपायला खोका हवा. मांजरांची ओळख वासाने होते, म्हणून एकाच्या गालांवरून फिरवलेला सुती रुमाल दुसऱ्याच्या वाटीजवळ ठेवा. मग दोघांना बंद दाराच्या दोन बाजूंना जेवायला द्या. निवांत खायला लागली, की वाट्या रोज थोड्या दाराकडे सरकवा. त्यानंतर जाळीआडून ५-१० मिनिटांची भेट. फिसकारलं तर ओरडू नका, एक पायरी मागे या. कधी आठवड्यात जमतं, कधी दोन महिने लागतात.

ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त हवा, म्हणजे दोघांना ३, आणि तेही वेगवेगळ्या जागी. बाल्कनीत ओळीने मांडलेले ३ ट्रे मांजराच्या लेखी एकच, कारण दारात बसलेलं दांडगं मांजर तिन्हींची वाट अडवतं. आवाज नाही, नुसतं टक लावून बघणं. दुसरं बिचारं मग सोफ्यावर मुततं.

बोका सारखा ट्रेत बसतोय आणि लघवी होत नाहीये, तर मात्र ते भांडण समजू नका. लगेच डॉक्टर गाठा.

मारामारी जुंपलीच तर मध्ये हात घालू नका, मोठा पुठ्ठा आडवा सरकवा.