परवानग्यांचा दिवस
आज परदेशातल्या शूटिंगचा पहिला दिवस, आणि दुपारपर्यंत कॅमेरा बॅगेतच. कस्टमवाल्यांनी एटीए कार्नेटची यादी काढून एकेका लेन्सचा सिरियल नंबर जुळवून पाहिला. हे कार्नेट असलं की वर्षभराच्या आत परत न्यायच्या अटीवर सामान ड्युटी न भरता आत येतं.

पर्यटक व्हिसावर गुपचूप शूट करणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. आपण विमानात बसून निघून जातो. मागे चौकशीचा ससेमिरा लागतो तो इथल्या दुभाष्याच्या, ड्रायव्हरच्या.

संध्याकाळी एका आजींनी संमतीपत्र त्यांच्या भाषेत दोनदा वाचून घेतलं, सही केली आणि म्हणाल्या, "नातवाचा चेहरा नको." तो खेळत होता तिकडे कॅमेरा वळवलाच नाही. उद्या ड्रोनच्या परवानगीसाठी विमान वाहतूक खात्यात जायचंय.