पंधरा यार्डांचा व्यवसाय : आमची वाटचाल

सॅन अँटोनिओहून लरेडोकडे जाणारा महामार्ग सोडून पश्चिमेला कॅरिझो स्प्रिंग्जच्या दिशेने वळले की शेते विरळ होत जातात आणि मेस्कीट, ब्लॅकब्रश व निवडुंग यांचे काटेरी रान सुरू होते. टेक्सासमधले लोक या मुलखाला ब्रश कंट्री म्हणतात. या रानात २००९ पासून आम्ही रानडुकरांच्या आणि हावेलिना या डुकरासारख्या दिसणाऱ्या अमेरिकी प्राण्याच्या शिकारीच्या सहली चालवतो. ही शिकार फक्त पारंपरिक धनुष्याने, म्हणजे लाँगबो (लांब, साधे धनुष्य) किंवा रिकर्व (टोके पुढे वळलेले) धनुष्याने, करायची असते. आमची कंपनी म्हणजे मी, माझी पत्नी आणि हंगामापुरते येणारे दोन गाईड. वर्षातले जेमतेम आठ-नऊ आठवडे आमचे दार उघडे असते आणि एका आठवड्यात चारांपेक्षा अधिक शिकारी आम्ही घेत नाही.

माझे बालपण संगमेश्वर तालुक्यात गेले. भात पोटरीला आले की वडील माळ्यावर राखणीला जात आणि रात्रभर डबे वाजवून डुकरांना हाकलत. सकाळी बांधाच्या आतली उकरलेली जमीन पाहून ते जे काही बोलत, ते येथे लिहिण्याजोगे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात शिकार बंद झाली होती, त्यामुळे धनुष्यबाण मी दसऱ्याच्या सोंगांपलीकडे कधी हातात धरला नव्हता. १९९८ साली मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून ह्यूस्टनला आलो, तेलविहिरींची यंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्यात दहा वर्षे काढली आणि २००८ च्या मंदीत बाहेर पडलो. त्या कारखान्यातल्या एका वयस्क सहकाऱ्याने आपल्या परसात मला लाँगबो ओढायला शिकवले होते. नोकरी गेल्यावर हातात शिल्लक राहिलेल्या मोजक्या गोष्टींत ते एक कसब होते. पुण्यातल्या मावशींना आम्ही आजही आमचा व्यवसाय ‘टुरिझम’ एवढाच सांगतो.

अमेरिकेत धनुष्याने शिकार करणारे बहुतेक लोक कंपाउंड धनुष्य वापरतात. हॉलेस विल्बर ॲलन यांनी १९६६ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ साली ते त्यांना मिळाले. त्याच्या टोकांवरच्या चाकांमुळे दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा बराचसा भार उतरतो आणि शिकारी नेम धरून निवांत थांबू शकतो. लाँगबोमध्ये ही सोय नसते. पन्नास पौंडांचे धनुष्य पूर्ण ओढले की पन्नास पौंड बोटांवर येतात, त्यावर नेम धरायची दुर्बीण किंवा पिन नसते, आणि दोन-तीन सेकंदांत बाण सोडावाच लागतो. या पद्धतीच्या आधुनिक अमेरिकी परंपरेचा एक धागा ईशी या याही जमातीच्या माणसापर्यंत जातो. १९११ साली तो कॅलिफोर्नियात ओरोव्हिल येथे एकटा सापडला, आणि १९१६ साली मृत्यू येईपर्यंतच्या काळात त्याने सॅक्स्टन पोप या डॉक्टरांना धनुष्य घडवायला आणि जनावराच्या जवळ जायला शिकवले. त्यातली दुसरी विद्या अधिक अवघड आहे, आणि आम्ही विकतो ती तीच. आमच्या रानात पंधरा यार्डांपलीकडे बाण सोडायचा नाही, हा आमचा पहिला नियम आहे.

व्यवसायाची खरी अडचण जमीन ही होती. टेक्सासमधली सुमारे ९५ टक्के जमीन खासगी मालकीची आहे, त्यामुळे शिकारीचा धंदा म्हणजे आधी कुणाचा तरी विश्वास भाड्याने घेणे. मी सात रँचमालकांना, म्हणजे गुरे पाळण्याच्या मोठ्या जमिनींच्या मालकांना, भेटलो. सहा जणांनी सभ्यपणे नकार दिला. सातवे गृहस्थ तयार झाले, पण त्याचे कारण मला बऱ्याच नंतर कळले. या भागातल्या रँचची खरी कमाई गुरांपेक्षाही पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीतून होते. तो मुख्य हंगाम नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन जानेवारीत संपतो, आणि हरणांचे शिकारी घरी गेले की फेब्रुवारी-मार्चमध्ये रँचवरची निवासाची खोपटी रिकामी पडतात. या सातव्या गृहस्थांना त्या रिकाम्या आठवड्यांचे भाडे हवे होते, पण बंदुकीच्या आवाजाने हरणे बुजायला नको होती. धनुष्याला आवाज नसतो. आमची सारी कंपनी त्यांच्या या हिशेबात बसली, त्यात माझ्या कौशल्याचा वाटा फारसा नव्हता.

उत्तरेकडच्या शिकाऱ्यांचा हिशेबही नेमका याला जुळणारा निघाला. मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया येथे त्या दिवसांत बर्फ असते, हरणांचा हंगाम संपलेला असतो आणि धनुष्य भिंतीला टांगलेले असते. पहिल्या वर्षी तेथून तिघे आले. चार दिवसांत एकालाही बाण सोडायची संधी मिळाली नाही, आणि जाताना तिघांनीही पुढच्या वर्षाची आगाऊ रक्कम दिली. मी ती घेताना संकोचलो होतो, पत्नीने मात्र पावती आधीच लिहून ठेवली होती.

आता ज्या दोन प्राण्यांवर हा व्यवसाय उभा आहे, त्यांच्याविषयी सविस्तर सांगायला हवे, कारण दुरून ते सारखे दिसतात आणि बाकी सगळ्या बाबतीत वेगळे आहेत. रानडुक्कर हा येथला मूळ प्राणी नाही. स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरे मोकाट सुटली, पुढे १९३० च्या दशकात शिकारीसाठी युरोपी रानडुकरे सोडली गेली, आणि त्यांच्या संकरातून आजची पैदास झाली. राज्यात त्यांची संख्या पंचवीस लाखांच्या पुढे असल्याचा अंदाज आहे. मादी जेमतेम सहा ते आठ महिन्यांची असताना माजावर येऊ शकते आणि गर्भकाळ सुमारे ११५ दिवसांचा असतो. यांच्या शिकारीला हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही, आणि २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाची संमती असल्यास परवानाही लागत नाही.

हावेलिना, ज्याला इंग्रजीत कॉलर्ड पेकरी म्हणतात, हा मात्र डुक्कर नव्हेच. तो अमेरिका खंडातल्या वेगळ्या कुळातला, येथला मूळ रहिवासी आहे. मानेभोवती फिकट पट्टा, वजन साधारण पंधरा ते पंचवीस किलो, शेपूट नसल्यासारखी, सुळे डुकरासारखे वळलेले नसून सरळ, आणि पाठीवर मागच्या बाजूला उग्र वासाची ग्रंथी. या ग्रंथीचा वास एकमेकांना घासून कळप आपली ओळख राखतो. वारा आमच्याकडे असला की प्राणी दिसण्याच्या कितीतरी आधी तो वास येतो. एकेकाळी हातमोजे आणि ब्रश यांसाठी त्यांची कातडी मोठ्या प्रमाणावर विकली जात असे. १९३९ साली टेक्सासने त्यांना शिकारयोग्य संरक्षित प्राण्यांत घातले. दक्षिणेकडच्या काउंट्यांत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांत, त्यांची शिकार वर्षभर चालते, परंतु एका शिकाऱ्याला वर्षात दोनच प्राणी मारता येतात.

म्हणून आमच्या एकाच रानात दोन वेगळे हिशेब चालतात. डुक्कर कितीही मारले तरी मालक खूश असतात, हावेलिनांचा हिशेब मात्र मी वहीत कळपागणिक ठेवतो. आमच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीत पाच कळप फिरतात, आणि एका हंगामात एका कळपातून दोनांपेक्षा अधिक प्राणी आम्ही घेत नाही. नर आणि मादी दुरून जवळजवळ ओळखू येत नाहीत आणि विणीला ठरावीक ऋतू नसतो. त्यामुळे कळपात लालसर रंगाची पिल्ले दिसत असतील तर बाण भात्यातच ठेवायचा, असा नियम आम्ही चौथ्या हंगामात केला. तो नियम करायला तीन हंगाम का लागले, याचे उत्तर माझ्याजवळ आहे आणि ते मला भूषणावह नाही.

हावेलिनाची नजर कमजोर असते, नाक मात्र तीक्ष्ण. वारा तोंडावर ठेवून, निवडुंगाच्या फडांआडून, तो पाने चावत असताना पाऊल टाकायचे आणि तो मान वर करील तेव्हा थांबायचे, असे केले तर दहा-बारा यार्डांपर्यंत पोहोचता येते. वारा पाहण्यासाठी आम्ही टाल्कम पावडरची लहान बाटली गळ्यात बांधतो. कळप बिथरला की दात कडाकडा वाजवत प्राणी चारी दिशांना पळतात. त्यांतला एखादा आपल्याच अंगावर येतो, आणि शिकारी घरी जाऊन हल्ल्याची गोष्ट सांगतो. खरे तर त्या बिचाऱ्याला आपण कोठे उभे आहोत हेच दिसलेले नसते.

मोठ्या रानडुकराची गोष्ट वेगळी. वयात आलेल्या नराच्या खांद्यांवर कूर्चेसारखी जाड ढाल तयार होते, त्याचे हृदय आणि फुप्फुसे आपण समजतो त्याहून खाली आणि पुढे असतात, आणि चरबीमुळे जखमेचे तोंड मिटून रक्ताचा माग दिसेनासा होतो. २०१० साली आमच्या एका पाहुण्याने वीस यार्डांवरून समोरासमोर बाण मारला. तो ढालीत अडकला, डुक्कर झाडीत शिरले, आणि दोन दिवस गुडघ्यांवर रांगूनही आम्हाला ते सापडले नाही. चूक त्या पाहुण्याची नव्हती. ‘मारा’ असे मीच कुजबुजलो होतो. त्यानंतर वीस यार्डांचे पंधरा झाले, प्राणी मागच्या बाजूने तिरका उभा असल्याखेरीज मोठ्या नरावर बाण सोडायचा नाही असे ठरले, आणि ज्याच्या बाणाने रक्त काढले त्याची त्या जातीची शिकार तेथे संपली, मग प्राणी मिळो वा न मिळो, हे कलम करारात आले. बाणाचे पातेही आम्ही पाहुणा आल्या दिवशी तपासतो. दोन धारांचे, रुंद, आणि मनगटावरचे केस उतरतील इतके धारदार पाते असेल तरच सकाळी गाडीत जागा मिळते. या अटींमुळे काही आरक्षणे गेली. पत्नीने त्यांचा आकडा मला दोन वर्षे सांगितला नाही.

२०११ साल दोन कारणांनी लक्षात आहे. त्या वर्षी टेक्सासने न ऐकलेला दुष्काळ पाहिला, गुरे विकली गेली, निवडुंगही सुरकुतले, आणि उरलेल्या पाण्याच्या टाक्यांभोवती सगळे जनावर गोळा झाले. पाण्यावर बसून शिकार करणे त्या वर्षी अगदी सोपे होते, म्हणूनच आम्ही टाक्यांपासून दोनशे यार्डांच्या आत शिकार बंद ठेवली. त्याच वर्षी हेलिकॉप्टरमधून डुकरे मारण्याच्या सहली विकायला कायद्याने मुभा मिळाली. एका उड्डाणात डझनांनी डुकरे, अशा जाहिराती दिसू लागल्या आणि आमच्या मालकांनी मला बोलावून विचारले, “तुमच्या माणसांनी या हंगामात किती मारली?” मी अकरा म्हणालो. त्यांनी त्यांच्या सापळ्यात एका रात्रीत सतरा सापडल्याचे सांगितले.

डुकरांची संख्या नुसती स्थिर ठेवायची तरी दरवर्षी सुमारे दोन-तृतीयांश काढावी लागतात, असे अभ्यासक सांगतात. धनुष्याने हे होणार नाही, असे मी मालकांना तेथेच स्पष्ट सांगितले. वडिलांच्या शेतातला चिखल आठवत असताना दुसरे काही सांगणे मला जमलेही नसते. मग आम्ही वेगळी तडजोड केली. मोठ्या कुंपणसापळ्यांची देखभाल, मक्याचे फीडर, म्हणजे जनावरांसाठी दाणे सोडणारी यंत्रे, भरणे आणि डुकरांनी उचकटलेल्या कुंपणांची दुरुस्ती वर्षभर आम्ही करू, आणि त्या बदल्यात भाडे वाढणार नाही. आज माझे बहुतेक उन्हाळे चाळीस अंशांच्या वर तापलेल्या रानात, रॅटलस्नेक या विषारी सापांपासून बचावासाठी गुडघ्यापर्यंतचे संरक्षक पट्टे बांधून, तारा ताणण्यात जातात. या सहलींच्या व्यवसायाचे ते अदृश्य आठ महिने आहेत.

२०१९ च्या कायद्यानंतर केवळ डुक्कर मारायला येणाऱ्याला परवाना लागेनासा झाला, तरी आम्ही प्रत्येकाला तो काढायला लावतो. एकाच पायवाटेवर सकाळी डुक्कर आणि संध्याकाळी हावेलिना भेटतो, आणि मोहाच्या क्षणी कागद आठवत नाही. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्यांना पाच दिवसांचा विशेष परवाना पुरतो. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-प्रशिक्षणाचीही अट आहे.

साथीच्या वर्षाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. ऐन हंगामात मार्चचे शेवटचे दोन आठवडे बुडाले, एवढेच. त्यामानाने फेब्रुवारी २०२१ चे हिमवादळ आम्हाला अधिक महागात पडले. नळ फुटले, वीज गेली, आणि त्या आठवड्यात अडकलेल्या चार पाहुण्यांना आम्ही मेस्कीटच्या लाकडांची शेकोटी आणि कुळथाचे पिठले यांवर सांभाळले. बर्फ वितळल्यावर निवडुंगाची पाने उकडलेल्या भाजीसारखी लोंबत होती. हावेलिनांचे मुख्य खाणे तेच, म्हणून त्या वर्षी आम्ही त्यांची शिकार तेथेच थांबवली आणि आगाऊ रकमा परत केल्या.

स्वयंपाकघर पत्नीच्या हाती आहे आणि त्याची कीर्ती माझ्या माग काढण्याच्या कलेपेक्षा मोठी आहे. डुक्कर सोलताना रबरी हातमोजे सक्तीचे असतात, कारण ब्रुसेलोसिस हा जनावरांचा जिवाणूजन्य आजार माणसालाही होऊ शकतो, आणि मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सियसला शिजल्याखेरीज पानात येत नाही. हावेलिनाची ग्रंथी कातडीबरोबर निघते, मात्र केसांना लागलेला हात मांसाला लागता कामा नये. एवढे सांभाळले तर मालवणी मसाल्यात तासन्‌तास मंद आचेवर ठेवलेले ते मांस विस्कॉन्सिनची माणसे तिसऱ्यांदा मागतात. जेवताना कुणीतरी हमखास दक्षिण टेक्सासमधल्या किंग रँचवरच्या ‘निलगाय’ची गोष्ट काढतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतातला हा प्राणी तेथे सोडला गेला. त्या नावाचा अर्थ मी सांगितला की पाहुण्यांना तो माझा खास शोध वाटतो.

या हंगामात एकूण तेहतीस शिकारी आले. नऊ डुकरे आणि सहा हावेलिना मिळाले, आणि एकाचा बाण निवडुंगाच्या फडात आरपार घुसून तेथेच राहिला. तो आम्ही काढलेला नाही. मालकांचे वय झाले असून रँचचा कारभार आता त्यांची मुलगी पाहते. तिने मे महिन्यात भाडेपट्टा पाच वर्षांनी वाढवला आणि एक नवी अट घातली : हावेलिनांची ती कळपवही दरवर्षी तिला दाखवायची. मी ती नेऊन दिली. तिने पहिल्या तीन हंगामांची पाने उलटली, काही वेळ पाहत राहिली, आणि सहीसाठी पेन मागितले.