६१७४ आणि चोपन्न जोड्या

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचे निमंत्रण आले, तेव्हा गुरुजनांविषयी माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे पुष्कळ आहेत हे ओळखून मी एका संख्येविषयी लिहायचे ठरवले. ती संख्या ६१७४. नाशिककरांना तिची ओळख करून द्यावी लागू नये, कारण तिचे गुणधर्म शोधणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. तरीही बहुतेकांना ती केवळ गमतीची संख्या म्हणूनच ठाऊक असते.

चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची मांडणी वजा करावी आणि बाकीवर तीच कृती करत राहावे. बाकी ९९९ आल्यास मागे शून्य धरावे. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते, आणि ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४ च उरत असल्याने तिथून पुढे हलता येत नाही. कापरेकरांनी हा शोध १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. तेच साल घेतले, तर ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि ६१७४ अशा पूर्ण सात पायऱ्या लागतात.

आमच्या गणिताच्या सरांनी एवढे दाखवून खडू खाली ठेवला असता, तर जत्रेतल्या खेळासारखे आम्ही ते विसरलो असतो. त्यांनी उतरत्या क्रमातील अंकांना अ, ब, क, ड म्हटले आणि वजाबाकी म्हणजे ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) हे फळ्यावर सोडवून दाखवले. म्हणजे हजारो संख्यांचा सारा पसारा अवघ्या दोन फरकांवर येतो. पहिला फरक १ ते ९, आणि दुसरा पहिल्याहून मोठा असू शकत नाही, म्हणून जोड्या होतात फक्त ५४. प्रत्येक बाकाला दोन-तीन जोड्या वाटून दिल्या गेल्या. आमच्या वाट्याला ४ आणि ० ही जोडी आली, म्हणजे ३९९६. ९९६३ मधून ३६९९ वजा करताना हातच्यावरून शेजाऱ्याशी वाद झाला, पण ६२६४, ४१७६ असे करत आम्हीही ६१७४ वर पोहोचलो. सगळ्या बाकांची उत्तरे जुळली, तेव्हा शंकेला जागाच उरली नाही. माझ्या आयुष्यातली ती पहिली पूर्ण सिद्धता.

कापरेकरांचे जन्मसाल १९०५ दुसऱ्या पायरीवर ८१७२ ला पोहोचते आणि निधनाचे साल १९८६ पहिल्याच पायरीवर. यात गूढ काही नाही; वाटा चोपन्नच असल्यावर अशा गाठी पडणारच. ६१७४ ला तिच्या अंकांच्या बेरजेने, म्हणजे १८ ने, भागले की ३४३ हा ७ चा घन मिळतो, हेही मी निव्वळ शोभेचे समजतो.

मला खरा विचार करायला लावतात त्या शेजारच्या संख्या. तीन अंकी संख्या ४९५ वर थांबतात. दोन अंकी संख्या मात्र ९, ८१, ६३, २७, ४५ या फेऱ्यात फिरत राहतात. पाच अंकी संख्येत मधला अंक वजाबाकीत उडून जातो, त्यामुळे जोड्या पुन्हा चोपन्नच होतात, पण एकही बाकी स्थिर राहत नाही. ५३९५५ मधून ५९९९४ येते आणि ५९९९४ मधून परत ५३९५५. सूत्राचा साचा तोच असूनही निकाल वेगळा का, हे त्या चोपन्न वजाबाक्या स्वतः करूनच पाहावे लागते.