फलक अंथरला तरी अग्निशमन दल आलंच

ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, धावपट्टीऐवजी शेतात उतरवावं लागलं (आउटलँडिंग) की बघणारे अपघात समजून मदत बोलावतात. म्हणून आउटलँडिंगच्या पिशवीत मागच्या खेपेला घातलेला पिवळा ताडपत्रीचा फलक (जर्मनमध्ये ‘ग्लायडर सुखरूप उतरलं, मदत नको’) यंदा पहिल्यांदा वापरला गेला. जर्मनीतल्या श्वेबिशे आल्ब डोंगररांगेच्या पायथ्याशी, नुकतंच गवत कापलेल्या कुरणात १५ मीटर पंखविस्ताराचं ग्लायडर ओरखडाही न येता उतरलं. फलक लगेच पंखावर बांधला. तरी अग्निशमनाची गाडी, रुग्णवाहिका आणि पोलीस, सगळे हजर.

दोष फलकाचा नाही. मदतीचा फोन कुठून जातो ते पाहा. बघणारा लांबच्या रस्त्यावर गाडीत असतो. त्याला दिसतं एवढंच: पांढरं विमान, इंजिनाचा आवाज नाही, झाडांच्या रांगेमागे गेलं आणि वर आलं नाही. तो तिथल्या तिथे ११२ लावतो, कधीकधी चाक टेकायच्या आधीच. अक्षरं कितीही मोठी केली तरी त्याला ती दिसणार नाहीत.

उतरल्यानंतर जवळून जाणाऱ्यांचे फोन वेगळे. मुख्य चाक एकच, म्हणून थांबल्यावर एक पंख जमिनीवर आणि दुसरा हवेत. सायकलवाल्याला ते मोडलेलं विमानच वाटतं. त्यात पायलट उन्हाला कंटाळून पंखाखाली आडवा झालेला असला, तर ‘माणूस हलत नाही’ असा निरोप जातो. यावर मात्र झकास उपाय सापडलाय: पंखाखाली लावायचा घडीचा अ‍ॅल्युमिनियमचा टेकू. वर फोमची खाच, खाली रुंद बशी, म्हणजे ओल्या मातीत रुतत नाही. पंख सरळ दिसले की लोक निवांत पुढे जातात. वारा जोराचा असेल तर टेकू नकोच. वाऱ्याकडचा पंख खाली ठेवून त्यावर वजन ठेवा. कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) बंद करून वर कापड टाका, उघडी राहिली तर भिंगासारखी ऊन एकवटून सीट जाळते. नारिंगी जाकीट घालून उभं राहा. आणि हेलिकॉप्टर आलं तर खुशीत दोन्ही हात उंचावू नका, त्याचा अर्थ ‘मदत हवी’ असा होतो. एक हात तिरका वर, दुसरा तिरका खाली, म्हणजे ‘नको’.

राहिला तो पहिला फोन. थांबल्याबरोबर आपणच ११२ लावायचं, असं ठरलं होतं. पण आल्बच्या दऱ्यांत बऱ्याचदा मोबाइलला रेंज नसते आणि जमिनीवरून रेडिओही डोंगराआड अडतो. मोठ्या अँटेनाचा हँडसेट घ्यायचा विचार चालू होता. हे लिहिता लिहिता तो बाद केला. निरोप वरूनच द्यायला हवा. जमिनीपासून ६०० मीटरवर परिसर, ४५० वर नेमकं शेत, ३०० वर सर्किट (उतरण्याआधीचा फेरा), हा आपला क्रम. शेत पक्कं झालं की रेडिओवर एकच वाक्य: कॉलसाइन (विमानाची रेडिओवरची ओळख), जवळचं गाव, गावापासूनची दिशा. त्या उंचीखाली रेडिओला हात लावायचा नाही. तेव्हा नजर वेगावर, उतारावर आणि विजेच्या खांबांवर हवी (तारा दिसत नाहीत, खांब शोधा). ऐकणारा, मग तो क्लबमधला असो की वर घिरट्या घालणारा, लगेच आपत्कालीन कक्षाला कळवेल. आल्बजवळच्या हानवाइडे विमानतळावरच्या मे महिन्यातल्या ग्लायडर स्पर्धेच्या वेळी तर वर कोणी ना कोणी असतंच.

यात एक अट पक्की हवी. पहिला निरोप म्हणजे ‘सुखरूप’ नव्हे. उतरल्यावर दुसरा निरोप १५ मिनिटांत आला नाही, तर अपघात झाला असं धरूनच मदत मागवायची. उतरल्यावर १२१.५ मेगाहर्ट्झ ही आपत्कालीन फ्रिक्वेन्सीही ऐका. आदळल्याने ईएलटी (विमानातला आपोआप संकटाचा संदेश पाठवणारा ट्रान्समीटर) सुरू झाला असेल तर त्याचा चढउताराचा भोंगा तिथे कळतो. ऐकू आला तर बंद करून लगेच कळवा, नाहीतर म्युन्स्टरचं बचाव केंद्र शोध सुरू करेल.

शेतकऱ्याबद्दल थोडक्यात. जर्मन विमान कायद्याच्या कलम २५ प्रमाणे उतरायची जागा आधी ठरवता येत नसल्यामुळे ग्लायडरला परवानगी लागत नाही. नाव-पत्ता दिल्यावर मालक ग्लायडर न्यायला अडवू शकत नाही, पण नुकसानभरपाई मागू शकतो. चाकाची एक रेघ किरकोळ. गवत तुडवलं जातं ते बघ्यांच्या पायांनी आणि गाड्यांनी. म्हणून तो पिवळा फलक आता पंखावर नाही, बांधावर, वाट शेतात शिरते तिथे लावायचा.

पुढचं काम: क्लबच्या फोनशेजारी छापील कार्ड, त्यावर आपत्कालीन कक्षाला सांगायची चार जर्मन वाक्यं.