तुम्ही विचारलंत म्हणून: सॉलोमनहून एकही पोर्ट्रेट का नाही आणलं

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता लिहूनच टाकते. मंडळाच्या गणपतीत विचारला, मावशीने व्हिडिओ कॉलवर विचारला, कॉलेजच्या ग्रुपवर तर तीनदा. तू पोर्ट्रेटवाली बाई, ब्रिस्बेनहून विमान करून पॅसिफिकमधल्या सॉलोमन आयलंड्सला पाच आठवडे जाऊन आलीस, त्या चित्रकार कॅरोलाइन मायटिंगरच्या वाटेने फिरलीस, मग एकही पोर्ट्रेट कसं नाही आणलंस? आणि त्याला जोडूनच, आपल्याकडे काय आदिवासी कमी आहेत का गं?

दुसऱ्याचं आधी सांगते, कारण ते जास्त लागतं. आपल्याकडचं मी केलंय. १९९८ साली कॉलेजच्या आउटडोअरला कर्जतजवळच्या एका वीटभट्टीवर एका कातकरी बाईचं पेन्सिल पोर्ट्रेट केलं होतं, डोक्यावर विटांची पाटी, कडेवर मूल. मुकादमाला विचारलं, तिला विचारलं नाही. वीस रुपये दिले. वार्षिक प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला, आई अजून ते कात्रण दाखवते सगळ्यांना. तिचं नाव मला आजही माहीत नाही. त्यामुळे आपल्याकडचे सोडून तिकडे कशाला असं कोणी म्हणालं की मी चिडते, पण खरं म्हणजे मी तिकडे गेले ते थोडं तिच्यापासून लांब जायलाच, हे आता कबूल करते.

आता मायटिंगर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत. अमेरिकन पोर्ट्रेट पेंटर, १९२६ साली मार्गारेट वॉर्नर या मैत्रिणीला घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून निघाली, जवळ चारशे डॉलर, मागे कुठली संस्था नाही, वाटेत गोऱ्या मळेवाल्यांची पोर्ट्रेटं करायची आणि त्यातून पुढचं भाडं काढायचं. आधी सॉलोमन, मग न्यू गिनी. दोघींनाही मलेरिया झाला. रंगांचं सामान हाताशी नव्हतं तेव्हा बोटीला मारायचा रंग आणि शिडाचं कापड वापरून तिने चित्रं केली, पण थांबली नाही. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये ती चित्रं लागली. मायटिंगर वारली १९८० ला, आणि त्यातली २३ चित्रं आज कॅलिफोर्नियात बर्कलीच्या हर्स्ट म्युझियममध्ये आहेत. मी तिचं नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप नव्हती. बोटीचा रंग! मी इथे विन्सर न्यूटनच्या रंगाची एक ट्यूब संपली की काम थांबवते.

तिने या सगळ्या प्रवासाला हेडहंटिंग म्हटलंय, पुस्तकाच्या नावातसुद्धा, मुंडकी गोळा करणाऱ्यांच्या देशात मी चेहरे गोळा करायला आले या अर्थाने. मला तो शब्द तेव्हा फार आवडला होता. नंतर तयारी करताना कळलं की तिच्या प्रवासाच्या त्याच वर्षांत, ऑक्टोबर १९२७ मध्ये, सॉलोमनमधल्याच मलैता बेटावर विल्यम बेल नावाचा ब्रिटिश अधिकारी तिथल्या क्वायो लोकांकडून डोईपट्टी वसूल करत होता, तिथेच त्याला आणि त्याच्या बरोबरच्यांना मारलं, आणि मग सरकारच्या मोहिमेने साठेक क्वायो माणसं मारली, अजून तीसेक तुलागी या तेव्हाच्या राजधानीच्या तुरुंगात मेली. डोईपट्टी म्हणजे माणसाच्या डोक्यामागे कर. यात तिचा काही हात नव्हता, हे मी ठामपणे सांगते, लोक लगेच बाईलाच धरतात. पण सरकार डोकी मोजत होतं आणि तीही डोकीच मोजत होती, हे वाचल्यापासून तो शब्द मला पूर्वीसारखा घेता येईना.

तरी गेले. मी पहिली नाही, मिशेल वेस्टमोरलँड नावाची फोटोग्राफर २००५ मध्ये मायटिंगरच्या चित्रांच्या प्रिंट्स घेऊन याच बेटांवर जाऊन आली होती, जिथली माणसं रंगवली त्यांना ती दाखवायला. मला प्रिंट न्यायच्या नव्हत्या. मला समोर बसवून काढायचं होतं, चारकोल आणि कॉन्टे म्हणजे कडक खडू, ए-थ्री कागद. चारकोल पुसू नये म्हणून मारतात तो फिक्सेटिव्हचा स्प्रे विमानात नेऊ देत नाहीत म्हणून दर दोन कागदांमध्ये बटर पेपर. राजधानी होनियाराला दहा दिवस, मग फेरीने मलैताला, तिथल्या औकी गावाला. चौदा चित्रं झाली होती आणि मी खूश होते, खोटं कशाला बोलू, ब्रिस्बेनच्या एका गॅलरीशी माझं बोलणं झालं होतं, भिंत किती फुटांची तेही ठरलं होतं.

औकीच्या खालच्या अंगाला लांगालांगाचं लगून, म्हणजे समुद्राचं उथळ खारं सरोवर आहे, तिथे पूर्वजांनी प्रवाळाचे दगड रचून रचून उभी केलेली बेटं आहेत. तिथे शिंपल्यांचे मणी करतात, त्यांच्या माळा म्हणजे तिथला पैसा, लग्नात मुलीकडच्यांना द्यायला दहा पदरी माळ लागते. शिंपले फोडायचे, गोल करायचे, भोक पाडायचं, ओवून दगडावर घासायचे. लाल मण्याला सगळ्यात जास्त मोल, तो रंग यायला शिंपला तापवतात. एका घराच्या ओसरीवर एक आजी हे करत बसली होती. सत्तरीच्या पुढची असेल, दोन्ही गालांवर जुन्या गोंदणासारख्या रेषा, शेजारी चुन्याची डबी. ती हिरवी सुपारी चावायची, पानवेलीची लांबट शेंग चुन्यात बुडवून तोंडात धरायची आणि परत दगडावर मणी. माझ्या आजीची चंची आठवून माझा घसा दाटला. या वेळी मी नीट विचारलं. तिच्या नातीमार्फत. पैसे किती तेही आधी ठरवलं. आजी हो म्हणाली, पण हात थांबणार नाही म्हणाली, मणी परवापर्यंत द्यायचे होते.

अडीच तास बसले. कागद दमट हवेने फुगत होता, चारकोल धरत नव्हता, डाव्या डोळ्याखालची सावली मी चार वेळा पुसली. पण शेवटी ती आली कागदावर. मी इतकं चांगलं काम आयुष्यात केलेलं नाही. घरातले सगळे येऊन उभे राहिले, कोणी बोलेना, मग एक लहान मुलगा खिदळला आणि सगळे हसायला लागले, आजी पण. तेवढ्यात तिचा मुलगा आत गेला आणि एक हातोडी घेऊन आला, ओठांत दोन खिळे धरलेले. भिंतीकडे बघून जागा शोधायला लागला.

मी म्हणाले, नाही नाही, हे मी नेणार आहे, तुम्हाला छान प्रिंट पाठवीन.

नातीने सांगितलं. त्याने ओठांतले खिळे काढून शर्टाच्या खिशात टाकले. रागावला नाही. मला वाटत होतं रागवावं त्याने, म्हणजे मला काहीतरी म्हणता आलं असतं. आजीने विचारलं, तुझ्या घरी कोण कोण असतं? तिला वाटलं मी ते चित्र माझ्या घरी लावणार. मी खरं सांगितलं, की घरी नाही, गॅलरीत, मग कोणीतरी विकत घेईल. ते वाक्य नातीने सांगितलंच नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी ठरलेले पैसे दिले, आजीने वर चार लाल मणी माझ्या हातात ठेवले, मी तिथल्या पिजिन बोलीत तागियो तुमास, खूप आभार, म्हणाले आणि बोटीत बसले.

लोक विचारतात, मग त्याच क्षणी का नाही दिलंस? नाही दिलं. त्या रात्री औकीच्या गेस्ट हाऊसमध्ये बसून मी त्या चित्राची किंमत वहीत लिहिली, दुसऱ्या दिवशी परत जाता आलं असतं, बोट होती, पैसे होते, मी फेरी पकडून होनियाराला आले. हे जितकं वाईट वाटतं तितकंच वाईट आहे. चार दिवस मी फाईल उघडली नाही. पाचव्या दिवशी होनियाराच्या बाजारात मण्यांच्या माळा विकणाऱ्या बायकांमध्ये त्या गावची कोण आहे ते विचारत फिरले, एक सापडली, तिला आजीचं घर माहीत होतं. पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून आणला, त्यात चित्र गुंडाळून तिच्याकडे दिलं. होनियारात काढलेली बाकीची ज्याची त्याला दिली, औकीची तिथल्या बोटवाल्याकडे पाठवली. पोचलं का? कळलं नाही. फिक्स न केलेला चारकोल, पाइपात गुंडाळलेला, फेरीतून, मग उघड्या बोटीतून. कदाचित नुसता काळा कागद पोचला असेल.

आणि आता मला माझ्याशीच भांडावं लागतं. जाण्याआधी मी इथे एका कार्यक्रमात बोलले होते की मायटिंगर चेहरे घेऊन गेली आणि त्या लोकांकडे काही उरलं नाही. टाळ्या पडल्या होत्या. पण ती घेऊन गेली म्हणून ती २३ चित्रं आहेत ना. तिथे ठेवली असती तर खाऱ्या हवेत आणि वाळवीत दहा वर्षं टिकली नसती, २००५ मध्ये कोणाला काही दाखवता आलं नसतं. मग मी दिलं ते बरोबर का? माझ्या चित्राला आत्तापर्यंत बुरशी आली असेल. नवरा म्हणतो, येऊ दे की, त्यांचं आहे ते, त्यांच्या भिंतीवर खराब होऊ दे. एखाद्या दिवशी मला हे पूर्ण पटतं. एखाद्या दिवशी डाव्या डोळ्याखालची ती सावली आठवते आणि रडू येतं, कारण तसं मला परत जमलेलं नाही. मी काही त्याग बिग केला असं कृपा करून लिहू नका ग्रुपवर, मी चार दिवस उशिरा आणि शरमेने केलं.

आणि एकही पोर्ट्रेट आणलं नाही हे पण पूर्ण खरं नाही. इथे आल्यावर फाईल रिकामी करताना तो बटर पेपर निघाला, आजीच्या चित्रावर ठेवलेला. त्यावर चारकोल उतरलाय. उलटा, फिकट, पण गालावरच्या रेषा मोजता येतात. तो मी कोणाला दाखवलेला नाही, गॅलरीवाल्यांनाही सांगितलेलं नाही. तो माझा आहे की तोही पाठवायला हवा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.