गुलाबी समुद्र

रविवार, रात्री उशिरा.

आजची सगळी दुपार आलीगिएरो बोएत्ती या इटालियन चित्रकाराच्या भरतकामातल्या नकाशांची छायाचित्रे पाहण्यात गेली. कापडावर सगळे जग भरलेले आहे आणि प्रत्येक देशाच्या सीमेत त्याचाच ध्वज बसवलेला आहे. सोव्हिएत संघ म्हणजे एक अखंड लाल पट्टा आणि आपला तिरंगा द्वीपकल्पाच्या आकारात निमुळता होत गेलेला. एका नकाशातला समुद्र मात्र गुलाबी आहे आणि त्या पानावरून माझे मन हलले नाही.

बोएत्ती १९४० साली तोरिनो शहरात जन्मला. साध्या, स्वस्त वस्तूंतून कला घडवू पाहणाऱ्या ‘आर्ते पोवेरा’ या चळवळीत तो सुरुवातीला होता. १९६६ साली त्याने एक दिवा केला, जो वर्षातून एकदाच, कधी ते न सांगता, अकरा सेकंद लागतो. १९६८ साली त्याने स्वतःचाच हात धरून उभा असलेल्या स्वतःचे जोडछायाचित्र मित्रांना टपालाने पाठवले आणि पुढे नाव व आडनाव यांच्यामध्ये ‘आणि’ घालून दोन माणसे असल्यासारखी सही करू लागला. हे मला आवडते, पण त्यात मी फार रमत नाही.

माझे मन गुंतते ते काबूलमध्ये. १९७१ साली तो तिथे गेला, एका स्थानिक सहकाऱ्याबरोबर ‘वन हॉटेल’ नावाचे छोटे हॉटेल काढले आणि अफगाण स्त्रियांकडून पहिला नकाशा भरून घ्यायला सुरुवात केली. त्याआधी १९६९ साली शाळेतल्या छापील नकाशावर त्याने स्वतःच्या हाताने ध्वज रंगवले होते. आता तेच काम सुई-दोऱ्याकडे गेले. पडद्याच्या रिवाजामुळे भरणाऱ्या बहुतेक स्त्रियांना तो भेटू शकत नसे, आराखडा आणि निरोप मध्यस्थ पुरुषांमार्फत जात. १९७९ च्या अखेरीस सोव्हिएत फौजा शिरल्यावर हेच काम पुढे पेशावरमधल्या निर्वासित अफगाण स्त्रियांकडे गेले. एकूण दीडशेच्या आसपास नकाशे झाले. एकेकाला वर्ष, कधी अनेक वर्षे लागत आणि तेवढ्या काळात ध्वज बदलत. सोव्हिएत संघ फुटला, तेव्हा तो लाल पट्टाही पुढच्या नकाशांत तुटला.

तो गुलाबी समुद्र बोएत्तीने ठरवलेला नव्हता. समुद्रकिनारा नसलेल्या देशातल्या त्या स्त्रियांनी हाताशी असलेल्या दोऱ्याने ती मोकळी जागा भरली. त्याने ते कापड परत पाठवले नाही. उलट, यापुढे समुद्राचा रंग भरणाऱ्यांनीच निवडायचा, असे ठरवले. तिथून पुढे समुद्र पिवळे झाले, करडे झाले, काळे झाले.

या नकाशांबद्दल त्याने म्हटले होते की, जग जसे आहे तसेच आहे, ध्वजही आपण काढलेले नाहीत, म्हणजे या कामात आपण काहीच केलेले नाही. हे वाक्य मी आज अनेकदा मनात घोळवले आणि ते मला पूर्ण पटत नाही. काही न करणे हाही त्याचाच निर्णय होता, आणि गुलाबी रंगाला तो ‘चूक’ म्हणाला नाही, यात त्याचे सगळे मोठेपण आहे. परंतु भरणाऱ्यांनी तर सर्व काही केले! आज हे नकाशे मोठ्या संग्रहालयांत आहेत, लिलावांत त्यांना कोट्यवधी रुपयांची किंमत येते, आणि तरी त्यांच्यावर एकट्या त्याचेच नाव लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आई भरतकाम करायची तेव्हा कोणी कौतुक केले, की कापड उलटे करून दाखवायची, कारण गाठी कुठे आहेत, दोरा कुठून कुठे नेला आहे, हे मागच्याच बाजूला कळते. बोएत्तीच्या नकाशांची उलट बाजू मला एकाही छायाचित्रात दिसली नाही, आणि सबंध दुपार मी खरे तर तीच शोधत होते. एप्रिल १९९४ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, रोममध्ये त्याचा मृत्यू झाला. कडेच्या पट्टीवर इटालियनच्या जोडीने फारसी अक्षरे भरलेली असतात. उद्या त्या अक्षरांकडे पुन्हा, भिंग घेऊन, सावकाश पाहणार आहे.